नव्या घराची घरपट्टी : उशिरा आलेले देयक आणि त्याचा भार

घर बांधून पूर्ण झाले, वास्तुशांत झाली, कुटुंब राहावयास आले. परंतु घरपट्टीचे देयक मात्र वर्ष उलटले तरी आले नाही. असा अनुभव ग्रामीण व निमशहरी भागात दुर्मीळ नाही. घरमालकाला प्रथमदर्शनी ही सवलतच वाटते. पंचायतही कामाच्या गर्दीत तिकडे लक्ष देत नाही. पुढे दोनतीन वर्षांनी एकदम मागणी होते, तेव्हा घरमालकाला ती अन्यायाची वाटते, वसुली लिपिकाला नकार ऐकावा लागतो आणि वादाचे रूपांतर थकबाकीत होते. उशिरा आलेले देयक म्हणजे माफ झालेला कर नव्हे, ही गोष्ट नागरिकांनी जितकी लक्षात घ्यावयास हवी, तितकीच देयक वेळेवर देणे हे पंचायतीचे वैधानिक कर्तव्य आहे, ही गोष्ट अधिकारी व सदस्यांनी लक्षात घ्यावयास हवी.

यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्याच्या संदर्भात हा प्रश्न समजून घेणे उद्बोधक ठरेल. पैनगंगेच्या काठचा, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेला हा तालुका कोलाम, गोंड, परधान आदी आदिवासी समाजांच्या वस्तीचा आहे. येथे एकीकडे शासकीय घरकुल योजनांतून पक्की घरे उभी राहत आहेत. दुसरीकडे मुकुटबन येथे २०२२ पासून सिमेंटचा कारखाना सुरू झाला आहे. कुडाच्या व मातीच्या भिंतींच्या जागी विटा व काँक्रीट येते, तेव्हा कराच्या नोंदवहीतही बदल व्हावा लागतो. घर बदलले आणि नोंदवही मात्र तशीच राहिली, की अडचणीस प्रारंभ होतो.

एक तालुका, दोन कायदे

झरी जामणी तालुक्यात मालमत्तेवरील कराची आकारणी दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली होते. खेड्यांतील ग्रामपंचायतींना महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (पूर्वीचा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम) लागू आहे. त्यातील कलम १२४ अन्वये इमारती व जमिनींवरील कर, दिवाबत्ती कर, आरोग्यरक्षण कर, पाणीपट्टी इत्यादी बसविण्याचा अधिकार पंचायतीला मिळतो. आकारणीची पद्धत १९६० च्या कर व फी नियमांत सांगितली आहे.

तालुक्याच्या मुख्य गावाचे तसे नाही. राज्यातील तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतींत रूपांतर करण्याच्या धोरणानुसार झरी जामणी येथे नगरपंचायत अस्तित्वात आली. जिल्ह्यातील राळेगाव, कळंब, बाभुळगाव, मारेगाव व महागाव येथील नगरपंचायतींबरोबर तिची निवडणूक डिसेंबर २०२१ व जानेवारी २०२२ मध्ये झाली. नगरपंचायतीला महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू आहे. परिणामी मुकुटबनचा घरमालक व झरीचा घरमालक यांना एकाच तालुक्यात निरनिराळ्या नियमांनी कर भरावा लागतो, आणि तक्रारीची दारेही निरनिराळी आहेत. शिक्षकांनी व सदस्यांनी नागरिकांना माहिती देताना हा भेद प्रथम स्पष्ट करावा.

कर कसा ठरतो

ग्रामपंचायत क्षेत्रात ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने भांडवली मूल्यावर आधारित आकारणीची पद्धत आली. तिचे सूत्र दिसते तितके कठीण नाही. इमारतीच्या क्षेत्रफळाला जमिनीच्या वार्षिक मूल्यदराने गुणावयाचे. त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या प्रकारानुसार ठरलेल्या बांधकाम दराने व घसाऱ्याच्या दराने गुणावयाचे. या दोन रकमांची बेरीज करून तिला वापराच्या भारांकाने गुणले, की भांडवली मूल्य मिळते. निवासी वापराचा भारांक एक आहे. वाणिज्यिक व औद्योगिक वापराचा त्याहून अधिक आहे. या मूल्याच्या दर हजार रुपयांमागे, शासनाने ठरवून दिलेल्या किमान व कमाल मर्यादांच्या आत, पंचायत आपला दर ठरविते.

केवळ समजुतीसाठी एक उदाहरण घेऊ. समजा, ५० चौरस मीटरचे नवे पक्के घर आहे. जमिनीचा दर चौरस मीटरला १,००० रुपये व बांधकामाचा दर १०,००० रुपये धरला, आणि घर नवे असल्याने घसारा धरला नाही, तर जमिनीचे ५०,००० व बांधकामाचे ५,००,००० मिळून भांडवली मूल्य ५,५०,००० रुपये होते. पंचायतीचा दर हजारी एक रुपया असेल, तर वर्षाची घरपट्टी ५५० रुपये येते. ही रक्कम दरवर्षी भरणे मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबालाही अशक्य नसते. मात्र तीन वर्षांची १,६५० रुपयांची मागणी पाणीपट्टी व दिवाबत्ती करासह एकाच दिवशी पुढे आली, तर तीच घरपट्टी ओझे वाटू लागते. कराचा दर वाढलेला नसतो. वाढलेला असतो तो विलंब.

नगरपंचायत क्षेत्रात वार्षिक भाडेमूल्याची पद्धत रूढ आहे. इमारत भाड्याने दिल्यास वर्षाला वाजवी रीतीने किती भाडे येईल याचा अंदाज करून, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केल्यावर करयोग्य मूल्य निघते. भांडवली मूल्याचा पर्यायही कायद्यात आहे. शिवाय १९६२ च्या अधिनियमाखालील शिक्षण उपकर व रोजगार हमी उपकर यांसारख्या राज्य शासनाच्या रकमाही, जेथे त्या लागू होतात तेथे, याच देयकातून वसूल केल्या जातात.

उशीर कोठे होतो

बांधकामाची परवानगी, बांधकामाची पूर्तता, मोजमाप, नोंदवहीतील नोंद, हरकतींची सुनावणी आणि देयकाची बजावणी असा हा प्रवास आहे. यातील प्रत्येक टप्प्यावर कागद थांबू शकतो.

पहिली अडचण माहितीची. परवानगी दिल्याची नोंद एका वहीत, तर कराची नोंद दुसऱ्या वहीत असते. घर पूर्ण झाल्याची वर्दी कोणी दिली नाही, तर परवानगीच्या वहीतून कराच्या वहीकडे ती आपोआप जात नाही. परवानगी न घेता झालेल्या बांधकामाची तर कोठेच नोंद नसते. दुसरी अडचण मनुष्यबळाची. एकाच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे, एकाहून अधिक गावांचा कार्यभार असला, तर मोजमाप मागे पडते. तिसरी अडचण चुकीच्या समजुतीची. सर्वसाधारण फेरआकारणी चार वर्षांतून एकदा होते, म्हणून नव्या घराची नोंदही तेव्हाच घ्यावयाची, असे अनेक ठिकाणी गृहीत धरले जाते. ते बरोबर नाही. आकारणी यादीत मधल्या काळातही भर घालता येते. चौथी अडचण हक्काच्या कागदांची. जागा वडिलांच्या नावे, घर मुलाने बांधलेले आणि वाटणी झालेली नाही, अशा वेळी कोणाच्या नावे नोंद करावी या प्रश्नावर कागद पडून राहतो.

मोठ्या शहरांनाही विलंब चुकलेला नाही. मुंबईत २०२३-२४ या वर्षाची मालमत्ता कराची देयके नागरिकांच्या हाती वर्ष सरत आले असताना पडली आणि ती भरण्याची मुदत २५ मे २०२४ पर्यंत द्यावी लागली. तेथे प्रश्न आकारणीच्या आधाराचा होता. त्यापूर्वी नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या भांडवली मूल्याविषयीचे काही नियम रद्द ठरविण्याचा उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला होता. जमिनीवर भविष्यात काय उभे राहू शकेल यावर कर आकारता येत नाही, आज तेथे काय आहे तेच पाहावयाचे, हे त्या निर्णयाचे सूत्र आहे. आकारणी प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेली असावी, हा धडा लहान पंचायतीलाही उपयोगी आहे.

कराचा आरंभ केव्हापासून

देयक उशिरा आले, तर कर देयकाच्या तारखेपासून सुरू होतो की घराच्या वापरापासून, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. नगरपंचायत क्षेत्रासाठी १९६५ च्या अधिनियमातील कलम १२३ याचे उत्तर देते. यादी तयार झाल्यानंतर बांधलेल्या इमारतीची नोंद, संबंधितांना नोटीस देऊन व हरकत ऐकून, यादीत घालता येते. अशा नोंदीचा परिणाम इमारत पूर्ण झाल्याच्या दिवसापासून किंवा ती प्रथम वापरात आल्याच्या दिवसापासून, यांपैकी जो आधी असेल त्या दिवसापासून, धरला जातो. त्या वर्षाचा कर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणातच घ्यावयाचा असतो. घर १ ऑक्टोबरला वापरात आले असेल, तर त्या आर्थिक वर्षाचा अर्धाच कर देय होतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. देयक आले नाही म्हणून दायित्व टळत नाही. तसेच नोंद उशिरा झाली म्हणून पूर्ण वर्षाचा कर सरसकट आकारता येत नाही. घर केव्हा वापरात आले हे दाखविणारी भोगवटा प्रमाणपत्र, वीजजोडणीची तारीख, घरकुलाच्या अखेरच्या हप्त्याची नोंद यांसारखी कागदपत्रे घरमालकाने जपून ठेवावीत, ती याच कारणासाठी.

एक इमारत, अनेक सदनिका

गाव वाढते तसे एका जागेवर चारआठ सदनिकांची इमारत उभी राहते. तेथे विलंबाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. नोंदवहीत मोकळ्या भूखंडाची एकच नोंद जमीनमालकाच्या किंवा विकासकाच्या नावे असते, आणि सदनिका घेणाऱ्यांची स्वतंत्र नोंद व्हावयास वेळ लागतो. दरम्यान संपूर्ण इमारतीचे एकच देयक निघाले, तर कोणी किती भरावे यावर वाद होतो.

कायद्याची भूमिका येथेही स्पष्ट आहे. २०१६ च्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियमानुसार, सदनिकेचा प्रत्यक्ष ताबा देईपर्यंतचे कर व अन्य देणी प्रवर्तकाने भागवावयाची असतात. ताब्यानंतरचा आपल्या हिश्शाचा कर खरेदीदाराने द्यावयाचा असतो. १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या महाराष्ट्र अधिनियमातही प्रवर्तकावर अशीच जबाबदारी टाकलेली आहे. म्हणून ताबा घेतेवेळी ताब्याची तारीख नमूद असलेले पत्र आणि तोपर्यंतच्या कराची पावती मागून घ्यावी. नगरपंचायत क्षेत्रात मालमत्ता कर हा त्या मालमत्तेवरील भार असतो. विक्रेत्याने न भरलेली रक्कम पुढे खरेदीदारापर्यंत येऊ शकते, ही बाब खरेदीपूर्वीच ध्यानात घेतलेली बरी.

देयकाची बजावणी

ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ मध्ये वसुलीची रीत सांगितली आहे. कर देय झाला की शक्य तितक्या कमी विलंबाने पंचायतीने देयक सादर करावयाचे आणि रक्कम कोणत्या तारखेपर्यंत भरावयाची ते त्यात नमूद करावयाचे, असे कायदाच सांगतो. त्या तारखेपर्यंत रक्कम आली नाही, तर मागणीचा लेख बजावावयाचा. त्यानंतरही भरणा झाला नाही, तरच जंगम मालमत्तेच्या अटकावणीचा मार्ग उघडतो. अखेरीस जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुलीसाठी प्रकरण महसूल यंत्रणेकडे देता येते. या पायऱ्यांतील पहिली पायरी देयकाची आहे. ती वगळून पुढची चढता येत नाही.

लेख्यांच्या दृष्टीने नमुना ८ ही कर आकारणी नोंदवही, नमुना ९ ही कर मागणी नोंदवही, नमुना ९-क ही कर मागणी पावती आणि नमुना १० ही कर भरल्याची पावती होय. नव्या घराचा प्रवास याच क्रमाने व्हावयास हवा. महसूल खात्याचा गाव नमुना ८-अ हा जमिनीच्या खात्याचा उतारा असून त्याचा घरपट्टीशी संबंध नाही. नामसाधर्म्यामुळे नागरिकांची येथे वारंवार गफलत होते. त्याचप्रमाणे नमुना ८ चा उतारा हा कर आकारणीचा पुरावा आहे, मालकी हक्काचा नव्हे. विनापरवाना बांधकामावर कर आकारला गेला, म्हणून ते बांधकाम नियमित झाले असेही होत नाही.

पंचायत सदस्यांसाठी विशेष

या विषयात पंचायत सदस्यांचे स्वतःचे पदही गुंतलेले आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ अनुसार, पंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा देय कर मागणी झाल्यापासून व त्याचे देयक रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत न भरणारी व्यक्ती सदस्यत्वास अपात्र ठरते. नगरपंचायतीच्या सदस्यांसाठी १९६५ च्या अधिनियमातील कलम १६ मध्ये अशीच तरतूद असून तीही देयक सादर झाल्याच्या घटनेशी जोडलेली आहे.

म्हणजे एका साध्या कागदावरील पोचेच्या स्वाक्षरीवर सदस्याचे पद राहणे वा जाणे अवलंबून राहू शकते. नव्या घरात राहावयास गेलेल्या सदस्याच्या घराची नोंदच झालेली नसेल, किंवा देयक जुन्या घराच्या पत्त्यावर गेले असेल, तर विरोधकांची तक्रार, सदस्याचा खुलासा व पंचायतीची वही यांत मेळ बसत नाही आणि प्रकरण लांबत जाते. आपल्या घराची नोंद स्वतः करून घेणे हा सदस्यासाठी शहाणपणाचा मार्ग आहे. बजावणीची पोच तारखेसह जपणे हा कार्यालयासाठी सुरक्षित मार्ग आहे.

ग्रामनिधीचे नुकसान

विलंबाची झळ केवळ घरमालकाला लागत नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यत्वे घरपट्टी व पाणीपट्टी. जी शंभर घरे वहीत आलीच नाहीत, त्यांच्या करातून उभी राहावयाची ही तरतूद आपोआप बाद होते. कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी मिळणारे शासनाचे अनुदानही करवसुलीशी जोडलेले असल्याने, मागणीच उशिरा काढणारी पंचायत आपल्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचे व शिपायाचे नुकसान करीत असते.

नगरपंचायतींनाही हे लागू आहे. पंधराव्या वित्त आयोगाने नागरी संस्थांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची व करवसुलीत वाढ दाखविण्याची अट घातली होती. स्वतःचा कर वेळेवर मागणाऱ्या संस्थेलाच बाहेरचा निधी सुलभ होतो, असा या धोरणाचा रोख आहे.

नागरिकांनी काय करावे

घर पूर्ण होताच पंचायतीला लेखी अर्ज द्यावा. त्यात वापर सुरू झाल्याची तारीख, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार व वापराचे स्वरूप नमूद करावे आणि अर्जाची पोच घ्यावी. नोंद पतिपत्नी दोघांच्या नावे करून घ्यावी. देयक न आल्यास सप्टेंबरपूर्वी चौकशी करावी; कारण ग्रामपंचायतीचा कर आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत भरल्यास ५ टक्के सूट मिळते, आणि वर्ष उलटल्यावर ५ टक्के दंडाचा प्रश्न येतो. नगरपंचायतीच्या देयकाची मुदत टळल्यास दरमहा २ टक्के शास्तीची तरतूद आहे.

अनेक वर्षांची मागणी एकदम आल्यास वर्षवार तपशील मागावा. क्षेत्रफळ, घसारा, वापराचा भारांक आणि आरंभाची तारीख या चार गोष्टी तपासाव्यात. आकारणी चुकीची वाटल्यास ग्रामपंचायत क्षेत्रातील नागरिकाला पंचायत समितीकडे अपील करता येते, आणि तिच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे दाद मागता येते. नगरपंचायत क्षेत्रात आकारणी यादी प्रसिद्ध झाल्यावर मुदतीत हरकत नोंदविणे महत्त्वाचे असते.

पंचायतीने काय करावे

यासाठी नवा कायदा किंवा मोठा खर्च लागत नाही. बांधकाम परवानगीची वही व नमुना ८ यांचा मेळ दर तीन महिन्यांनी घालावा. घरकुलाचा अखेरचा हप्ता अदा झाला की त्याची वर्दी करवसुली लिपिकाला द्यावी. नव्या वीजजोडण्या व नळजोडण्यांची यादी मिळवून ती नोंदवहीशी ताडून पाहावी. गावठाणातील मिळकतींच्या ड्रोनद्वारे मोजणीसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ज्या गावांची मोजणी झाली आहे, तेथे तिचे नकाशे सुटलेली घरे शोधण्यास उपयोगी पडतील. मागील काळाची मागणी करताना ती वर्षवार फोड करून द्यावी व तिचा आधार देयकातच लिहावा.

नव्या नोंदींची यादी ग्रामसभेत वाचून दाखविणे हा सर्वांत साधा व परिणामकारक उपाय आहे. झरी जामणी तालुक्यात, जेथे अनुसूचित क्षेत्रातील गावांत ग्रामसभेला विशेष स्थान आहे, तेथे तर ही पद्धत सहज रुजू शकेल. वाचनाच्या वेळी कोलामी वा गोंडी बोलणाऱ्या कुटुंबांना त्यांच्या भाषेत मजकूर समजावून सांगणारा शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका उपस्थित असेल, तर निम्म्या हरकती तेथेच मिटतील.

घरपट्टीची रक्कम लहान असते. परंतु तिच्या बदल्यात गावाचा रस्ता, दिवा व नळ मागण्याचा हक्क नागरिकाला उजळ माथ्याने बजावता येतो, आणि तो मागितला जाईल याची जाणीव पंचायतीला राहते. हे नाते वर्षाला एकदा, ठरलेल्या वेळी, एका स्पष्ट देयकाने नवे होत असते. चालू वर्षी आपल्या गावात किती नवी घरे वापरात आली आणि त्यांपैकी किती नमुना ८ मध्ये आली, एवढे दोन आकडे प्रत्येक पंचायतीने येत्या ग्रामसभेपुढे ठेवावेत. त्यांतील अंतर भरून काढणे हेच कामाचे पहिले पाऊल ठरेल.